उंच आहे म्हणून बास्केटखाली उभं केलं, पण पुढे काय? बास्केटबॉलचा ‘सेंटर’ घडतो कसा

सोलापूर असो की सांगली, शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये एक गोष्ट ठरलेली. आठवीतलं सगळ्यात उंच पोरगं दिसलं की त्याला ‘सेंटर’ करायचं. बास्केटखाली उभं राहायचं, बॉल आला की वर टाकायचा. शालेय स्पर्धेत हे चालूनही जातं.

घोळ होतो दोन-तीन वर्षांनी. काही मुलांची उंची लवकर वाढते आणि लवकर थांबते. बरोबरीची मुलं त्यांना गाठतात आणि मग कळतं, याला ना धड ड्रिबल येतं, ना लांबून शॉट मारता येतो. शाळेतला सहा फुटी सेंटर वरच्या पातळीवर गार्डच्या उंचीचा ठरतो.

मग आधी शिकायचं काय? तर पाय.

१९४२ च्या सुमारास शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात जॉर्ज मायकन नावाचा जाड चष्म्याचा, ६ फूट १० इंचांचा पोरगा आला. उंची होती, पण चाल बेंगरूळ. कोच रे मेयर यांनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, नाचाचे धडेही दिले. पुढे हाच मायकन एवढा भारी ठरला की १९५१ मध्ये एनबीएने बास्केटसमोरचा पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद केला.

त्याच्या नावाचा ‘मायकन ड्रिल’ आजही शिकवतात. बास्केटखाली उभं राहून उजवीकडून उजव्या हाताने बॉल टाकायचा, खाली पडण्याआधी झेलायचा, एक पाऊल टाकून लगेच डावीकडून डाव्या हाताने. यात बॉल हनुवटीच्या खाली आणायचा नाही. खाली आणला की बुटका गार्ड तो हिसकावतोच. साहित्य काय लागतं? एक रिंग आणि एक बॉल.

रिबाउंडचंही तसंच. आधी उडी नाही, आधी पाठ. प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवून जागा धरायची, मग बॉलकडे बघायचं.

दुसरी गोष्ट पासिंग. निकोला योकिच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ वा निवडला गेला. तो फार उंच उडत नाही, फार पळतही नाही. पण सेंटर असून पॉइंट गार्डसारखा पास देतो. २०२३ मध्ये त्याने डेन्व्हर नगेट्सला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. त्यामुळे सरावात उंच मुलालाही गार्डबरोबर ड्रिबल आणि पासिंग करू द्या, हे कोचने मनावर घ्यायलाच हवं.

आता गुडघे. भराभर उंची वाढण्याच्या वयात वाटीखाली दुखू लागलं, तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. सिमेंटच्या कोर्टवर रोज शेकडो उड्या मारणं टाळा. त्यात एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी पार करतो, म्हणजे सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच.

पाय थकले की उरतो फ्री थ्रो. बास्केटखाली सगळ्यात जास्त धक्के सेंटरच खातो, म्हणून ४.६ मीटरवरून तो हमखास जमला पाहिजे. शकील ओनीलसारख्या दिग्गजाचे जवळपास निम्मे फ्री थ्रो हुकायचे आणि विरोधी संघ त्याला मुद्दाम फाउल करायचे.