तव्याची काजळी आणि झाडूची काडी

शाळा सुटल्यावर घरी बसून शिकणारी मुले, विशेषतः मुली, आपल्या समाजात थोड्या नाहीत. सातवी-आठवीनंतर शिक्षण थांबते आणि पुढे कधी तरी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसण्याचा विचार निघतो. त्या वेळी पालकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. पुस्तके, वह्या, गाईडे यांची यादी करता करता मूळ विचारच मागे पडतो. म्हणून पूर्वी शिकणाऱ्यांनी हे साहित्य कसे जमविले, याची थोडी हकीकत पालकांसमोर व विद्यार्थ्यांसमोर ठेवीत आहे.

आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत कागदाचा खर्च जवळजवळ नव्हताच. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, हात फिरवून पुसायचे, की पाटी पुन्हा कोरी! ही धूळपाटी होय. मद्रास इलाख्यातील देशी शाळांतही मुले वाळूत अक्षरे गिरवीत. मद्रासच्या एग्मोर भागातील अनाथ मुलांच्या शाळेची व्यवस्था १७८९ साली अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याकडे आली. त्याने ही रीत पाहिली आणि आपल्या शाळेत सुरू केली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे, ही पद्धतही त्याने तिथेच अमलात आणली. १७९७ मध्ये लंडनला त्याने याविषयी पुस्तक छापले आणि पुढे इंग्लंडातील गरिबांच्या शाळांत ‘मद्रास पद्धत’ या नावानेच ती पसरली. आपण ज्या पाटीला मागासलेपणाची खूण समजत आलो, ती साहेबाने आपल्याकडून उचलली होती, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा सांगितले जात नाही.

उत्तरेकडे मुसलमान घरांत व मक्तबांत तख्ती असे. लाकडी फळीवर मुलतानी माती सारवायची, वाळली की बोरूच्या लेखणीने लिहायचे, धडा झाला की धुऊन टाकायची. शाईसाठी काजळ आणि डिंक. एक तख्ती वर्षानुवर्षे चाले आणि थोरल्याची धाकट्याकडे येई.

पण ही तख्ती बहुधा मुलांच्या वाट्याची. मुलींना कुराण शरीफ वाचायला शिकवीत. लिहायला मात्र अनेक घरांत मनाई असे. मुलगी लिहायला शिकली तर कोणाला पत्रे लिहील, ही भीती! बिजनोर जिल्ह्यातील एका सय्यद घराण्यात १८४० साली जन्मलेल्या अशरफुन्निसा बेगम, ज्यांना लोक बीबी अशरफ म्हणत, त्यांची गोष्ट अशीच आहे. घरी येणाऱ्या उस्तानीने कुराण वाचायला शिकविले; पुढे तिचे येणे बंद झाले. उर्दू वाचावे ही या मुलीची ओढ, पण घरातील वडीलधारे विरुद्ध. तेव्हा तिने स्वयंपाकघरातून काजळी घेतली, पाण्याच्या घड्यावरचे मातीचे झाकण दौत म्हणून वापरले आणि झाडूच्या काड्यांची लेखणी केली. दुपारी घर निजले की झोपण्याच्या मिषाने ती गच्चीवर जाई आणि हाती आलेल्या कागदावरील अक्षरे जशीच्या तशी उतरून काढी. खर्च शून्य!

मात्र इथेच तिची गाडी अडली. अक्षरे उतरत होती, पण ती कोणती हे सांगणार कोण? मार्ग निघाला तो असा: नात्यातील एका मुलाला कुराणाचा धडा येत नसे. तिने त्याला धडा समजावून द्यायचा आणि त्याने तिला आपल्या पुस्तकातील उर्दू सांगायचे, असा सौदा ठरला. माझ्या मते या हकीकतीतील खरी मोलाची वस्तू ती काजळी नव्हे, हा सौदा आहे. साहित्याला पर्याय सापडतो. सांगणाऱ्याला सापडत नाही.

पुढे घरातील बायका आपली पत्रे तिच्याकडूनच लिहून घेऊ लागल्या. १८७० मध्ये वैधव्य आल्यावर याच विद्येच्या जोरावर त्या लाहोरच्या व्हिक्टोरिया गर्ल्स स्कूलमध्ये शिक्षिका झाल्या. आपण कशा शिकलो याचा वृत्तान्त त्यांनी स्वतः लिहिला. तो १८९९ मध्ये ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या साप्ताहिकात छापून आला.

घरातल्या घरात पुस्तकच तयार करण्याचे उदाहरण म्हणजे डेप्युटी नजीर अहमद. मुलींना वाचायला देण्याजोगे पुस्तक मिळेना, म्हणून ते स्वतःच थोडे थोडे लिहून देत आणि मुली ते संपवून पुढचे मागत. थोरलीसाठी ‘मिरातुल उरूस’, धाकटीसाठी गोष्टींचा संग्रह, मुलासाठी बोधाच्या पाठांचे वेगळे पुस्तक. शिक्षण खात्याच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही हस्तलिखिते पडली. ‘मिरातुल उरूस’ १८६९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सरकारने लेखकास १००० रुपयांचे बक्षीस दिले. या पुस्तकातील उपदेश आज जरा जड वाटतो, हे कबूल. परंतु उर्दूतील आरंभीच्या कादंबऱ्यांत त्याची गणना होते.

आज आपल्या मुलांना झाडू मोडायची गरज नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यास पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झाले आणि मराठीबरोबर उर्दू माध्यमाचीही पुस्तके माफक किमतीत मिळू लागली. आता तर तीच पुस्तके मंडळाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. तेव्हा गाईडांवरचा खर्च थोडा बाजूला ठेवून पालकांनी आधी शेजारची, नात्यातली एखादी कॉलेजात जाणारी मुलगी गाठावी. आमच्या मोहल्ल्यात बाहेरून दहावीला बसलेल्या एका मुलीने असाच सौदा केला: शेजारच्या दोन लहान मुलांचा अभ्यास ती संध्याकाळी घ्यायची आणि त्यांची थोरली बहीण रविवारी हिला बीजगणित शिकवायची. तिची गणिताची वही जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी शिवून केलेली होती, आणि ती शेवटच्या पानापर्यंत भरलेली होती.