साहेबांचा गडी आणि कंपनीचं मस्टर

माणसाच्या हातात चार पैसे खुळखुळू लागले, की त्याची पहिली इच्छा असते ती घरात एक गडी ठेवण्याची. गडी आला की दुसरी इच्छा होते, ती म्हणजे याचा पगार दुसऱ्या कोणीतरी द्यावा. पहिल्या इच्छेचा इतिहास लिहायचं कारण नाही. दुसरीचा मात्र हजेरीवह्यांतून भरपूर लिहिला गेलाय. खोट्या हुद्द्यांखाली असल्यामुळे तो चटकन सापडत नाही, इतकंच.

मी तीस-बत्तीस वर्षं एका कंपनीच्या हिशेबखात्यात पगारपत्रकं लिहिली. त्यामुळे अकबर म्हटलं की तुम्हाला बिरबल आठवत असेल, मला दाग आठवतो. सरदार कागदावर घोडे दाखवतात ते खरोखर दाणा खातात की नाही हे कळावं, म्हणून अकबराने १५७० नंतरच्या दशकात घोड्यांना डाग द्यायची आणि शिपायाचा ‘चेहरा’, म्हणजे नाकाडोळ्याचं वर्णन, लिहून ठेवायची पद्धत कडक केली. आता त्याच्या दरबारात बदायुनी नावाचा एक कायम कातावलेला इतिहासकार होता. (असा एक माणूस प्रत्येक कचेरीत असतो, आणि पुढे खरं काय घडलं ते त्याच्याकडूनच कळतं.) तो लिहितो, की सरदारमंडळी आपल्या नोकरचाकरांनाच शिपायाचे कपडे चढवून हजेरीला उभी करत, आणि जहागीर पदरात पडली की त्यांना निरोप देत. म्हणजे सकाळी पाणी भरणारा दुपारी घोडेस्वार, आणि संध्याकाळी पुन्हा पाणी! पगार बादशहाचा, पाणी सरदारांचं.

इंग्रज या बाबतीत पक्का. त्याने चोरीचाच नियम करून टाकला. त्यांच्या आरमारात जहाजावरच्या दर शंभर माणसांमागे कप्तानाला चार नोकर अधिकृतपणे मिळत आणि त्यांचा पगार कप्तान उचलत असे. सहाशे माणसांच्या जहाजावर झाले चोवीस! समुद्रात चोवीस नोकर करणार काय? तर या जागांवर कप्तान मित्रांची, मेहुण्यांची, वशिल्याची मुलं भरी, आणि ती पुढे अधिकारी होत. ही पद्धत थेट १७९४ पर्यंत चालली. मात्र मुलगा जहाजावर असला तरच हं! मुलगा घरी आणि नाव वहीत, याला ‘खोटं मस्टर’ म्हणत, आणि १७४९ च्या आरमारी कायद्याप्रमाणे त्याला शिक्षा होती बडतर्फीची. तरीही टॉमस कॉक्रेन नावाच्या पुढे गाजलेल्या दर्यावर्दीचं नाव, तो पाच वर्षांचा असल्यापासून, त्याच्या काकाच्या कृपेने जहाजांच्या वह्यांत होतं. पोर अंगणात खेळतंय आणि तिकडे त्याची सर्व्हिस भरतेय!

तोच मुलगा, तीच वही, पण एका नोंदीला नियमाचा आधार आणि दुसरीला बडतर्फी. आपल्याकडचा कायदाही याच वळणावर गेला. ‘कंपनीच्या पैशाने साहेबांचा गडी ठेवणं कायदेशीर आहे का हो?’ असं मला शेजारीपाजारी अनेकदा विचारत. उत्तर असं, की ठेवा, खुशाल ठेवा, पण गडी म्हणून ठेवा. १९५६ च्या कंपनी कायद्याची कसोटी मोठी घरगुती होती. हा खर्च कंपनीने केला नसता, तर साहेबांना स्वतःच्या खिशातून करावा लागला असता का? लागला असता ना? मग तो साहेबांच्या मेहनतान्यात धरा, आणि संचालक-व्यवस्थापकांचा सगळा मेहनताना मिळून निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांत बसवा. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यानेही हीच कसोटी उचलली. त्याच्या नियमांत पुढे झाडूवाला, माळी, पहारेकरी आणि खाजगी नोकर अशी रीतसर नामावळीच आली. त्यांच्यावर कंपनीचा जो खर्च होईल तो साहेबांचं उत्पन्न, आणि त्यावर साहेबांचा कर.

हे ‘साहेबांचा कर’ आलं, की गड्याचा हुद्दा बदलतो. आमच्या मस्टरवर साहेबांचा गडी ‘हेल्पर, पॅकिंग विभाग’ होता. पहाटे दूध आणायचं, बाईसाहेबांबरोबर मंडईत जायचं, कुत्र्याला फिरवायचं. पॅकिंग म्हणावं तर साहेबांचा डबा तेवढा तो भरायचा! आता साहेबांचा कर वाचला आणि कंपनीचा खर्च धंद्याच्या खात्यात गेला, हे खरं. पण या सगळ्यात खोटं बोलणाऱ्या कागदावर सही कोणाची? दर महिन्याला, रेव्हेन्यू स्टॅम्पावर, त्या गड्याची.

खरा हुद्दा लिहिला की काय होतं ते कानपूरला दिसलं. तिथल्या एका कापडगिरणीने अधिकाऱ्यांना आणि संचालकांना बंगले दिले होते, बंगल्यांना बागा होत्या, बागांना माळी होते. पगार गिरणीचा, आणि वहीत नोंद माळी म्हणूनच. ते म्हणू लागले, आम्हीही गिरणीचे कामगार. गिरणीला हे कसं पटावं? गुलाबाला पाणी घालण्याचा आणि सूत कातण्याचा संबंध काय? भांडण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६३ साली न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी (आपले सातारचे!) निकाल दिला, की बंगला ही अधिकाऱ्याला नोकरीपोटी मिळालेली सोय, बाग बंगल्याबरोबर आलेली, तेव्हा माळ्याचं काम गिरणीच्या कामाला जोडलेलंच आहे. माळी कामगार ठरले. कंपनीच्या वहीत साहेबांसाठी ओढलेली रेघ माळ्यांच्या उपयोगी पडलेली मी तरी ही एवढीच पाहिली.

रेल्वे ही कंपनी नव्हे, पण तिचा बंगला-प्यून विसरून चालणार नाही. पुढे त्याचं बारसं ‘टेलिफोन अटेंडंट कम डाक खलाशी’ असं झालं. एवढं लांब नाव असलेल्या माणसाला भांडी घास म्हणायला जीभ कशी रेटत असेल? पण काही वर्षं बंगल्यावर काढली की रेल्वेत कायम होता येई, आणि त्या आशेवर पोरं निमूटपणे घाशीत. ऑगस्ट २०२० मध्ये रेल्वे बोर्डाने नव्या नेमणुका थांबवल्या.

आमचे साहेब निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी सकाळी आठला कारखान्याच्या फाटकावर हजर. प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी घडी करून खिशात, डोक्याला तेल. अकरा वर्षं मस्टरवर नाव असलेला तो माणूस पहारेकऱ्याला विचारत होता, ‘दादा, पॅकिंग कुठल्या बाजूला?’