जामियाची आपाजान

आज आपण दिल्लीत जाणार आहोत, पण लाल किल्ल्याकडे नाही, यमुनेजवळच्या ओखल्यात. तिथं जामिया मिलिया इस्लामियाच्या कब्रस्तानात एका जर्मन ज्यू बाईची कबर आहे. गेर्डा फिलिप्सबॉर्न.

बर्लिनच्या सुखवस्तू वर्तुळात वावरणाऱ्या गेर्डाची ओळख १९२० च्या दशकात तीन हिंदी विद्यार्थ्यांशी झाली : झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब. तिघं १९२६ मध्ये परतले आणि डबघाईला आलेली जामिया त्यांनी हाती घेतली. १९२८ मध्ये तिथल्या शिक्षकांनी शपथच घेतली : वीस वर्षं सेवा, पगार दीडशे रुपयांच्या आत. हातात पडायचे त्याहूनही कमी!

अशा संस्थेत गेर्डा १९३२-३३ च्या हिवाळ्यात आली. ती हिटलरला भिऊन पळाली, असं सर्रास सांगतात. पण तो चॅन्सेलर झाला ३० जानेवारी १९३३ ला. हिचा बेत त्याआधीचा. मग झाकिरसाहेबांच्या प्रेमापोटी आली का? हा प्रश्न मलाही पडला. ते विवाहित होते, दोघांची मैत्री जिवाभावाची होती. त्यापुढे कुजबुज करण्यात मला रस नाही. मात्र एका पुरुषाच्या ओढीनं आलेली बाई, एवढंच म्हटलं तर तिनं केलेलं काम पुसलं जातं.

कारण इथं ती लहानग्यांमध्ये रमली. बालवर्ग, वसतिगृहातली चिमुकली पोरं, त्यांचं खाणंपिणं, आजारपण, खेळ. उर्दूत ती ‘पयामे तालीम’ या मुलांच्या मासिकात लिहू लागली. मुलं तिला आपाजान म्हणत, म्हणजे आपली ताई.

आणि मग युद्ध पेटलं. इंग्रज सरकारच्या लेखी ती फक्त जर्मन, म्हणजे शत्रूराष्ट्राची नागरिक. हिटलरनं जिला जर्मन मानलं नसतं, तिला इंग्रजांनी जर्मन म्हणून धरलं! स्थानबद्ध केलं कुठं? आपल्या पुरंदरावर. संभाजी महाराजांच्या जन्माचा तो गड आपण शाळेत पाठ केला. तिथल्या या छावणीबद्दल मात्र मी कधी ऐकलं नव्हतं.

सुटून ती जामियात परतली, ती आजारी होऊनच. एप्रिल १९४३ मध्ये कर्करोगानं गेली. पन्नाशीही गाठली नव्हती.

झाकिर हुसेन पुढे राष्ट्रपती झाले. १९६९ मध्ये त्यांनाही जामियाच्याच आवारात दफन केलं. त्यांचं नाव साऱ्या देशाला ठाऊक आहे. गेर्डाचं नाव तिथल्या पाळणाघराला दिलंय.