आईच्या पासपोर्टमधलं मूल

मागच्या महिन्यात आत्याकडे तिचा जुना पासपोर्ट सापडला. 1978 मध्ये ती आतोबांकडे मस्कतला निघाली, तेव्हाचा. आत एका पानावर मुलांसाठी रकाना, त्यात शाईने आत्येभावाचं नाव आणि जन्मतारीख. बस्स, एवढ्यावर दोन वर्षांचं पोर समुद्रापार गेलं!

ही पद्धत आली कुठून? 1920 मध्ये पॅरिसला राष्ट्रसंघाने परिषद भरवली आणि सगळ्या देशांसाठी 32 पानी पासपोर्टचा एकच नमुना ठरवला. त्यात पुरुष हा मुख्य प्रवासी, बायको-मुलं त्याच्या 'सोबत'. आमच्या डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर मूल म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डमधली एक फील्ड.

सोय होती, पण अडायचंही. आजी आजारी पडली तेव्हा आतोबा पोराला घेऊन यायला तयार होते. पण नाव आत्याच्या पुस्तकात! आत्या म्हणते, "मी तापाने फणफणले होते, तरी मलाच निघावं लागलं."

पुढे मशीनने वाचायचे पासपोर्ट आले, एक माणूस-एक पासपोर्ट हे सूत्र आलं. त्यात दुसरी भीती होती: आईबाप वेगळे झाले, की एकाने मूल गुपचूप परदेशी न्यायचं. ओळीतल्या नावाला चेहरा नसतो, मग विमानतळावर ओळखणार कसं? ब्रिटनने 5 ऑक्टोबर 1998 पासून मुलांची नवी नावं पालकांच्या पासपोर्टात घालणं थांबवलं. युरोपीय संघात 26 जून 2012 पासून अशा जुन्या नोंदीही चालेनाशा झाल्या. असं पळवलेलं मूल परत पाठवण्यासाठी 1980 चा हेग करार आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही, आणि मला वाटतं यावर आपल्याकडे फारच कमी बोललं जातं.

आता आपल्याकडे तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, साधारण पाच वर्षांचा. अर्जासोबत दोन्ही पालकांची संमती. एकटा पालक असेल तर वेगळं प्रतिज्ञापत्र.

इथे माझी ताई येते. घटस्फोट झालाय, भाचा तिच्याकडे, जर्मनीत नोकरी मिळालेली. डिसेंबर 2016 पर्यंत अर्जात आई-वडील दोघांची नावं मागायचे. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने एकट्या आईच्या बाजूने निकाल दिला होता. मग नियम बदलला, एकाच पालकाचं नाव पुरतं. ताईने वडिलांचा रकाना रिकामा सोडला, तेव्हा हात थरथरत होता तिचा. "परत पाठवतील का रे?" तीनदा विचारलं.

पासपोर्ट आला. फोटोत भाच्याच्या ओठावर बिस्किटाचा चुरा आहे.