तेरवीचा हिशेब

वाचकहो, आपण वारकरी मरणाचे नाव घ्यायला भीत नाही. गळ्यात तुळशीची माळ पडली त्या दिवसापासून देह नाशवंत आहे हे आपण ऐकत आलो, टाळ हाती घेऊन म्हणतही आलो. पण त्या नाशवंत देहामागे घराला किती पैसे मोजावे लागतात, हा विषय मात्र आपण उंबऱ्याबाहेर ठेवतो. गेलेल्या माणसाच्या नावाने पैशाची गोष्ट काढणे अभद्र वाटते. आज तीच गोष्ट मंठ्याच्या निमित्ताने तुमच्यापुढे ठेवीत आहे, कारण तिची वाट थेट संतांच्या चरित्रांतून येते.

मंठा हा जालना जिल्ह्यातला कापूस-सोयाबीनचा, बराचसा पावसावर जगणारा तालुका. इथे एखाद्या घरातले म्हातारे माणूस गेले, तर पहिल्या दिवशी लागते काय? तिरडीला बांबू आणि कडबा, सुतळी, पांढरे कापड, मडके, हार, बुक्का. चितेला तीन-चार क्विंटल लाकूड आणि गोवऱ्या. भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन आपणहून पुढे चालते, त्याचे पैसे कोणी मागत नाही. घरात चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकरी शेजारून येते. पहिला दिवस असा गावाच्या खांद्यावर पार पडतो.

खरा खर्च सुरू होतो तो त्यानंतर. राख सावडून अस्थी गोदावरीवर न्यायच्या, तर एका गाडीचे काम पाच गाड्यांवर जाते. दहाव्याचे पिंडदान, मग गंगापूजन आणि गोडजेवण. त्याला मंडप, आचारी, बुंदी, भांड्यांचे भाडे. भावकीला टॉवेल-टोपी, लेकीबाळींना लुगडी. चौकात फलक, वर्तमानपत्रात फोटो. वर्ष फिरले की पुण्यस्मरण, आणि पुन्हा मंडप. त्यात आपल्या संप्रदायाचाही वाटा आहे, हे लपवून चालणार नाही. पुण्यस्मरणाला कीर्तन हवे, कीर्तनाला नावाजलेले महाराज हवेत, महाराजांची बिदागी आणि मोठा ध्वनिक्षेपक हवा, अशी चढाओढ गावोगाव दिसते.

हा खर्च ठरतो कधी, याचा विचार करा. तो ठरतो सुतकातल्या घरात, ओसरीवर बसलेल्या पाच-सहा वडीलधाऱ्यांच्या बैठकीत. मुलगा खाली मान घालून बसलेला असतो. कोणी म्हणतो, "आबांनी गावाला खूप घातलं, त्यांचं कमी पडायला नको." त्या क्षणी ‘नको’ म्हणायची ताकद कोणत्या लेकरात असते? त्याने नको म्हटले तर बापावर माया नव्हती असा अर्थ निघतो. म्हणून तो होकार देतो, आणि तो होकार पुढे वर्षानुवर्षे फेडतो.

संतांच्या घरी मरण आले तेव्हा काय घडले, ते आता पाहू. जालन्याला लागून असलेल्या देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे चोखोबांचे जन्मगाव, असे परंपरा मानते. शके १२६०, म्हणजे १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. नामदेवराय तिथे गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे ओळखून त्यांनी ती गोळा केली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी दिली. आजही आपण त्या समाधीशी थांबून मगच आत जातो. त्या अंत्यविधीत मानपानाचा पत्ता नव्हता. होता तो एक मित्र, जो ढिगाऱ्यापर्यंत चालत गेला.

दुसरी गोष्ट पैठणची. नाथांच्या घरी पितरांचे श्राद्ध होते. स्वयंपाकाचा वास रस्त्याने जाणाऱ्या भुकेल्या महार कुटुंबापर्यंत गेला, आणि नाथांनी ते अन्न आधी त्यांना वाढले. गावच्या ब्राह्मणांनी रागावून पानावर बसायचे नाकारले. तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले, असे संतचरित्र सांगते. ही कथा आपण कितीदा ऐकली! पण तिच्यातला हिशेब पाहा. श्राद्धाचे अन्न कोणाच्या पोटात गेले म्हणजे पितर तृप्त होतात, याचा निकाल नाथांनी सोळाव्या शतकातच लावून ठेवला आहे. आपल्या तेरवीच्या पंगतीत उपाशी माणूस किती असतो आणि मानाचा पाहुणा किती असतो, हे एकदा मोजून पाहावे.

तिसरी गोष्ट देहूची. १६३० च्या दुष्काळात तुकोबांच्या घरात मरणे झाली; पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली. तुकोबा महाजनाच्या घरातले, सावकारीचे कागद घरात होते. भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याचे कागद त्यांनी इंद्रायणीत सोडले. ज्याने स्वतःच्या घरातले मरण पाहिले, त्याने दुसऱ्यांच्या घरावरचे कर्ज उतरवले.

कर्जाचा हा धागा पुढे इतिहासात स्पष्ट दिसतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दंगा पुणे-अहमदनगर भागात पसरला. सरकारने चौकशी आयोग नेमला. शेतकरी लग्नकार्यावर उधळतो म्हणून बुडतो, असे तेव्हाही साहेबलोक म्हणत. आयोगाने मात्र लिहिले की या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. असा खर्च कर्जाच्या खात्यात दिसतो, पण कर्जाचे मूळ तो क्वचितच असतो. मंठा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, आयोगाच्या कक्षेबाहेर. तरी त्या निष्कर्षातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा दोष त्याच्या तेरवीवर टाकू नये. नापिकी, पडता भाव आणि व्याज ही मोठी कारणे आहेत. आणि ज्याच्या डोक्यावर आधीच ओझे आहे, त्याच्यावर आणखी एक दगड ठेवणाऱ्यांत आपण नसावे.

त्या दगडाचे वजन काढू. पाचशे माणसांचे जेवण धरा, पानामागे नुसते शंभर रुपये धरा. पन्नास हजार झाले. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे एका दुपारच्या पंगतीत दहा क्विंटलांहून जास्त सोयाबीन उठले. तेच पन्नास हजार शेकडा तीनने काढले, तर महिन्याला दीड हजार आणि वर्षाला अठरा हजार नुसते व्याज. तीन वर्षे पुरी व्हायच्या आत व्याज मुद्दलाला मागे टाकते. पंगत उठलेली असते, जेवणारे विसरलेले असतात, मुद्दल मात्र जिथल्या तिथे असते.

हे दुखणे गाडगेबाबांनी ओळखले. सावकारी कर्जात मामाची जमीन गेलेली त्यांनी लहानपणी पाहिली होती. लेकीच्या बारशाला बकरे आणि दारू देण्याची जातीची रीत त्यांनी मोडली आणि गोड जेवण घातले. पुढे कीर्तनांतून एकच पालुपद लावले: कर्ज काढून सण करू नका, भुकेल्याला अन्न द्या, मुलाला शाळेत घाला. कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली, तरी कीर्तन थांबले नाही. ज्या बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली, त्यांनी स्वतःसाठी मात्र सांगून ठेवले होते की जिथे मरेन तिथेच अंत्यक्रिया करा. मूर्ती नको, समाधी नको, स्मारक नको. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ, पेढी नदीपाशी वाटेतच त्यांनी देह ठेवला. भक्तांच्या प्रेमाला आवर बसला नाही आणि अमरावतीला त्यांची समाधी झालीच. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्दही मागच्यांनी पुरता पाळला नाही, तर न बोलता गेलेल्या साध्या माणसाच्या मनातले कोण पाळणार?

असाच एक प्रसंग दूरच्या ज्यू लोकांच्या तालमूद या ग्रंथात सांगितला आहे. अंत्यविधीचा खर्च इतका वाढला होता की नातलगांना तो मरणापेक्षा जड वाटे. काही जण प्रेत टाकून पळून जात. तेव्हा गमलिएल नावाच्या थोर धर्मगुरूने आपल्याला साध्या तागाच्या कपड्यात न्यायला लावले. एवढा मोठा माणूस साध्या कपड्यात गेला, मग इतरांना लाज कशाची? तेव्हापासून तीच रीत पडली. गरिबाने साधेपणा केला की लोक त्याला ऐपत नाही म्हणतात. मानाच्या माणसाने केला की त्याची वाट होते.

आणि आपणही हे करून पाहिले आहे. २०२० साली महासाथीत अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा आली. तेरव्या घरातल्या घरात झाल्या. त्याच वर्षी माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. वारी मोडली असे आपण कोणी म्हटले नाही. मग त्या वर्षी ज्यांची पंगत उठली नाही त्यांची गती अडली, असे तरी कोण म्हणेल?

तेव्हा करायचे काय? राजस्थानात १९६० साली मृत्युभोजाविरुद्ध कायदा झाला, शंभर माणसांची मर्यादा घातली गेली. पण कायदा माणसे मोजतो, लाज मोजत नाही. ती लाज काढून टाकणे आपल्या हाती आहे. ज्या दिंडीत आपण भिशी जमवून शेकडो जणांचे जेवण चालवतो, त्याच दिंडीने मरणाचीही भिशी ठेवावी. लाकूड आणि अस्थींची गाडी तिच्यातून व्हावी. कीर्तनकाराने दुःखाच्या घरी बिदागी घेऊ नये. गावातल्या मंडळाने हरिपाठ म्हटला तरी सेवा पोहोचते.

मागे राहिलेल्यांचे हक्कही सांगावेत. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत विनाशुल्क होते. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच वीस हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज तहसीलमध्ये करायचा. नोंदणी झालेला ५० ते ६० वयाचा बांधकाम कामगार गेला, तर त्याच्या मंडळाकडून अंत्यविधीसाठी दहा हजारांची मदत आहे. हे पैसे पंगतीत न जाता विधवेच्या हातात राहतील, हे पाहणारा एक माणूस भजनी मंडळात असावा.

पण पहिले पाऊल तुमचे आहे, वाचकहो, आणि ते जिवंतपणीच टाकायचे आहे. या एकादशीला फराळ झाल्यावर मुलाला, सुनेला, लेकीला जवळ बसवा. वहीचे एक पान काढा आणि लिहा: माझ्यामागे कर्ज काढू नये, भजन व्हावे, बुक्का लावावा, पंगत घालायचीच असेल तर भुकेल्याला घालावी. खाली सही करा. भावकीतल्या एका वडीलधाऱ्यालाही ते पान वाचून दाखवा, म्हणजे ओसरीवरच्या बैठकीत तुमच्या लेकराला ‘नको’ म्हणावे लागणार नाही. ते तुम्हीच म्हणून ठेवलेले असेल.

राम कृष्ण हरी.