'डोळे आले' : एका साथीची गोष्ट

आजचा विषय तसा घरगुती आहे. 'डोळे आलेत' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी उच्चारलंय. शाळेला सुट्टी, काळा चष्मा, वेगळा टॉवेल, आणि आठवड्यात बरं. म्हणून आपण हा आजार हसण्यावारी नेतो. पण त्यालाही इतिहास आहे.

१९६९ च्या जूनमध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात, अक्रा शहरात, डोळ्यांची एक वेगळीच साथ सुरू झाली. सकाळी ठीक असलेल्या माणसाचे डोळे दुसऱ्या दिवशी लालभडक. नुसते लाल नाहीत, तर पांढऱ्या भागावर चक्क रक्त उतरलेलं. पुढच्याच महिन्यात अपोलो ११ चंद्रावर उतरलं. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि आजाराला नाव पडलं 'अपोलो ११'. चंद्राचा यात काही दोष नव्हता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

साथ आफ्रिकेतून आशियात आली. १९७१ मध्ये ती भारतात होती. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये येत होते, छावण्या गच्च भरल्या होत्या. कोलकात्यात या आजाराला लोक 'जय बांगला' म्हणू लागले. म्हणजे बघा, जी स्वातंत्र्याची घोषणा, तेच आजाराचं नाव! त्यात थट्टा होती, आणि आलेल्या माणसांवरचा थोडा रागही होता. साथीला नाव देताना समाज दोष कुणाच्या तरी दारात ठेवतो, तो असा. खरा दोषी होता एक विषाणू. जपानमधल्या संशोधकांनी तो वेगळा काढला, त्याला पुढे एंटेरोव्हायरस ७० म्हणू लागले.

आता मुंबईकडे येऊ. १९७१ मध्ये इथेही साथ पसरली. डोळे बरे झाले, लोक कामाला लागले. आणि मग काही आठवड्यांच्या आत, फार थोडे रुग्ण, बहुतेक प्रौढ, पाठीत-पायांत कळा आणि पाय लुळे पडल्याची तक्रार घेऊन आले. पोलिओसारखं, पण मोठ्या माणसांत! मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांना विचारलं असणार, 'मध्यंतरी डोळे आले होते का?' दोन गोष्टींचा संबंध त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. साध्या समजल्या जाणाऱ्या आजाराकडे मुंबईच्या डॉक्टरांनी बारकाईनं पाहिलं, म्हणून हे कळलं.

यातून आपण काय घ्यायचं? घाबरायचं नाही, बरं का. बहुतेक वेळा डोळे आपोआप बरे होतात. आणि नुसतं डोळ्यांत पाहिल्यानं ते येत नाहीत. हात, रुमाल, टॉवेल यांतून येतात. हात धुवा, डोळे चोळू नका.

पण 'लाल डोळा' म्हणजे दर वेळी 'डोळे आले' नव्हे. डोळा खूप ठणकत असेल, अंधुक दिसत असेल, उजेड सहन होत नसेल, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसत असतील, सोबत डोकेदुखी आणि उलटी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो काचबिंदूचा झटकाही असू शकतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स काढून तपासून घ्यावं. नवजात बाळाचे डोळे लाल असतील तर थांबू नका. शेतात पात्याचा ओरखडा लागला असेल तर बुबुळावर जखम चिघळू शकते. चुना डोळ्यात गेला तर आधी भरपूर स्वच्छ पाण्यानं बराच वेळ धुवा, मग दवाखान्यात पळा.

आणि एक विनंती. मेडिकलमधून मनानं थेंब आणू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर लाली जाते, वाटतं बरं झालं, आणि आत संसर्ग वाढत राहतो.

अक्रानं चंद्राला दोष दिला, कोलकात्यानं निर्वासितांना. मुंबईच्या डॉक्टरांनी मात्र रुग्णाकडे पाहिलं. आपणही आरशात पाहताना तेवढंच करूया.