सहाणेवरची मात्रा

घरगुती औषधांचा अभ्यास करायला निघालेल्या माणसाच्या हाती आधी याद्या लागतात. खोकल्याला अडुळसा आणि ज्येष्ठमध, पोटात धरले की ओवा, अंगावर पित्त उठले की आमसूल, बद्धकोष्ठाला इसबगोल. कॅलेंडरच्या मागच्या पानापासून जाडजूड ग्रंथांपर्यंत अशा याद्यांना मराठीत तोटा नाही, आणि त्या बहुतांशी खोट्याही नसतात. पण वनस्पतीचे नाव हा या विद्येचा सगळ्यांत सोपा भाग. औषध कोणाला द्यायचे, केवढे, कशातून, किती दिवस, आणि कोणत्या वेळी ते बाजूला ठेवून रोग्याला डॉक्टरांकडे न्यायचे, हे जिला ठाऊक असे तिच्याच बटव्याला आळीत मान असे. या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत करताना त्याचे लक्ष पहिल्यांदा या मात्रेकडे वेधावेसे वाटते.

त्यासाठी बाळगुटीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. बाळहिरडा, सुंठ, हळकुंड, वेखंड, जायफळ, मायफळ, मुरडशेंग, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, खारीक, बदाम. घरोघरी दोनचार जिनसा इकडच्या तिकडे होतात. यातले काहीही कुटून चमच्याने मोजत नाहीत. सहाणेवर थोडे दूध घेऊन एकेक जिन्नस उगाळतात आणि माप असते वळशांचे. लहानग्याला एकेक वळसा, मग महिने वाढतील तसे वळसे वाढवायचे. शी घट्ट होत असेल तर हिरड्याचा वळसा जास्त. पातळ होत असेल तर हिरडा वगळायचा आणि जायफळ, मुरडशेंग घ्यायची. छाती भरली असेल तर काकडशिंगी आणि अतिविष. कठीण वाळलेल्या फळाचा ओल्या दगडावर एक वळसा म्हणजे साध्या तराजूला जाणवणारही नाही इतका अंश. वजनकाटा नसलेल्या घरात इतकी लहान मात्रा रोज जवळपास सारखी देता यावी, आणि बाळाकडे बघून तीत रोज बदलही करता यावा, अशी ही रीत आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती आदराने अभ्यासावी. तयार गुटीच्या बाटलीत सगळ्या जिनसा ठरलेल्या प्रमाणात एकत्र असतात, तेव्हा जिनसा उरतात पण रोजची निवड करणारी बाई त्यातून वजा होते.

त्याच आदराने पुढचेही सांगायला हवे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, हा आजच्या बालवैद्यकाचा स्पष्ट सल्ला आहे. मध तर वर्ष पुरे होईपर्यंत नकोच. त्यात कधीकधी बोटुलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असतात, ते तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. वेखंडातला बीटा-असारोन हा घटक प्राण्यांवरच्या प्रयोगांत घातक ठरला, म्हणून अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी केली. जायफळ जास्त झाले की मूल गुंगते, हे तर आपल्या आज्यांनाही माहीत होते. गुटी अभ्यासावी, तिची टिपणे करावीत. तान्ह्याला ती चाटवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

औषधांहूनही या क्षेत्राचा अधिक भक्कम भाग आहे तो अन्नाचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दुसऱ्याच अध्यायात २८ यवागू सांगितल्या आहेत. यवागू म्हणजे तांदळासारख्या धान्याची, औषधी द्रव्ये घालून शिजवलेली पातळ पेज. त्याच स्थानाचा सत्ताविसावा अध्याय खाण्यापिण्याच्या पदार्थांचे १२ वर्ग करून एकेकाचे गुण सांगतो. आजारातून उठलेल्या माणसाला आधी पातळ पेज, मग दाट, मग कढण आणि भात अशा पायऱ्यांनी जेवणावर आणायचे, हा विचार वैद्यकग्रंथांत आहे आणि घरातही आहे. कोकणात नि गोव्यात उकड्या तांदळाची पेज आणि सोबत लोणच्याची फोड, देशावर मऊ भात, मेतकूट आणि तूप, नाचणी पिकते तिथे आंबील. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत नाचणीच्या १०० ग्रॅममागे सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम नोंदले आहे. रोजच्या तृणधान्यांत तिच्या जवळपास येणारे दुसरे नाही. बाळंतिणीला अळीव, डिंक, मेथी का देतात, तापात वरणाचे पाणी का, हे प्रश्न अशा तक्त्यांसमोर ठेवून पाहण्यात अभ्यासाचा खरा आनंद आहे.

मीठ-साखर-पाण्याकडे मी याच कुळातले औषध म्हणून पाहतो. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची पाकिटे करून ते पाणी तोंडाने पाजायला लावले. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यू ४ च्याही खाली आले. ग्लुकोज असले की आतडे मीठ आणि त्यामागून पाणी आत ओढते, एवढ्याच तत्त्वावर हे चालते. जुलाबात तयार पाकीट नसेल तर घरी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. येथेही सारे बळ मापात आहे. मीठ वाढले तर तेच पाणी लहान मुलाला अपाय करते.

इतिहासाकडे वळणाऱ्याने गोव्यापासून सुरुवात करावी. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये तिथे आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचे जाणेयेणे होते, आणि १५६३ मध्ये त्याने इथल्या औषधी द्रव्यांवर संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ गोव्यातच छापला गेला. युरोपातले जुने ग्रंथ काय म्हणतात यापेक्षा आपण इथे डोळ्यांनी काय पाहिले याला तो मान देतो. पुढे १६७८ पासून ॲमस्टरडॅमला निघालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’च्या बारा खंडांमागे इट्टी अच्युतन या केरळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोकणी ब्राह्मण होते. त्या तिघांचे १६७५ चे नागरी लिपीतले कोकणी निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे. आपल्याकडे शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘वनौषधिगुणादर्श’ लिहून हे ज्ञान मराठीत आणले. वैद्य प. य. खडीवाले यांनी तर पुण्यात बसून आयुष्यभर साध्या वाचकासाठी लिहिले.

हा इतिहास वाचताना एक समज गळून पडतो, की घरगुती औषध म्हणजे अनादि आणि न बदलणारे. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त फिरंग रोग आहे आणि त्यावर चोपचिनी आहे, रोगही नवा, औषधही बाहेरून आलेले. डेंग्यूत पपईच्या पानांचा रस द्यावा असे आज घरोघरी सांगतात, पण पपई आली अमेरिका खंडातून. ती चरकाने पाहिलेली असणे शक्य नाही. म्हणून कोणताही उपाय केवळ जुना म्हणून स्वीकारू नये आणि नवा म्हणून टाकू नये. त्याची परीक्षा व्हावी.

हळदीचे प्रकरण या दृष्टीने शिकण्यासारखे आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेत मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. पुराव्यात संस्कृत ग्रंथांबरोबर १९५३ चा एक छापील शोधनिबंधही होता. तोंडी परंपरा कितीही खरी असली तरी तिथे लागले ते लिहिलेले. पण पेटंट रद्द झाले म्हणजे हळद दरेक दुखण्यावर चालते असे सिद्ध झाले नाही. तिच्यातले कर्क्युमिन नुसते पोटात घेतले तर रक्तात फार थोडे पोचते. मिऱ्यातल्या पायपरिनबरोबर ते पुष्कळ वाढते, असे १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले. शिवाय हळदीला पिवळीधमक करण्यासाठी तीत लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार घडलेले आहेत. औषधासाठी हळद हवी तर हळकुंडे आणून घरी दळावीत.

शेवटी कामाविषयी, कारण या क्षेत्रात काम पुष्कळ पडून आहे. पहिली अडचण नावांची. एका गावात ब्राह्मी म्हणून कारिवणा दाखवतात, दुसरीकडे नीरब्राह्मी. शंखपुष्पी म्हणून तर निरनिराळ्या कुळांतल्या वनस्पती वापरात आहेत. कुंडीतला जाड पानांचा पानओवा आणि डब्यातला ओवा ही झाडे वेगळी, वास तेवढा सारखा. म्हणून नोंद गावातल्या नावाने करावी, पण पानाफुलांसह वाळवलेला नमुना जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ओळखून घ्यावा. गडचिरोलीतल्या बायकांचे झाडांशी असलेले नाते डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’मध्ये टिपले, तसे प्रत्येक तालुक्यात व्हायला हवे. सांगणारीला मापे तिच्याच भाषेत सांगू द्यावीत: चिमूट, वाल, वळसा, पसा. आणि हे औषध तिने कोणाला देण्याचे नाकारले होते, हे विचारायला विसरू नये. गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी आई ही उत्तरे जुन्या घरांतून मिळतील. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा, मूत्रपिंडाचा विकार असलेला, मधुमेहासाठी इन्सुलिन घेणारा, ही नावे त्या नोंदीत आता आपल्याला भरायची आहेत.